एआय चॅटबॉट आणि मुलांची सुरक्षा: अमेरिकेतल्या राज्यांचे कायदे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत एआयला लगाम घालायचं काम वॉशिंग्टनमध्ये कमी आणि राज्यांच्या राजधान्यांत जास्त चाललं आहे. त्यामुळे मुलाच्या फोनमधल्या चॅटबॉटला कोणते नियम लागू आहेत, हे तुम्ही कुठल्या राज्यात राहता त्यावर ठरतं. यातला कुठलाही कायदा वाचताना तीन गोष्टी शोधा. समोर मूल आहे हे कंपनीला कळणार कसं? कळल्यावर तिने काय करायचं? आणि केलं नाही तर कोर्टात कोण जाणार? यांपैकी एकाचंही उत्तर कायद्यात नसेल तर तो कायदा कितीही भारदस्त नावाचा असो, घरात त्याचा फारसा उपयोग नाही. खाली मुख्यतः २०२५ अखेरपर्यंत मंजूर झालेले कायदे घेतले आहेत.

देशभर लागू होणारा एकच कायदा का नाही?

काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) तो करता आलेला नाही, म्हणून. हाताशी आहेत ते जुने कायदे. १९९८चा 'कोपा' १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा करण्यापुरता आहे. १४ वर्षांच्या मुलाशी मशीन मध्यरात्री काय बोलतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९९६चं कलम २३० वेबसाइटना इतरांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून मोकळं करतं. पण चॅटबॉटची वाक्यं इतर कुणी टाकलेली नसतात, ती कंपनीच्याच यंत्रणेतून निघतात. त्यामुळे ते कलम इथे किती लागू पडतं यावर वाद आहे. या फटीत राज्यं उतरली.

राज्यांना अडवायचा प्रयत्नही झाला. मे २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहाने खर्चाच्या एका भल्यामोठ्या विधेयकात राज्यांच्या एआय कायद्यांवर १० वर्षांची स्थगिती घुसवली. १ जुलैला सिनेटने ती ९९ विरुद्ध १ मतांनी उपटून टाकली. टेनेसीच्या रिपब्लिकन सिनेटर मार्शा ब्लॅकबर्न आधी तडजोडीला तयार होत्या. मग मुलांना पुरेसं संरक्षण मिळत नाही म्हणत त्यांनी त्यातून अंग काढून घेतलं आणि बाजूच फिरली. ९९-१ असं मतदान आजच्या सिनेटमध्ये औषधालाच सापडतं.

डिसेंबर २०२५ मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने राज्यांचे कायदे रद्द झाले का?

नाही. कार्यकारी आदेशाने राज्याचा कायदा पुसता येत नाही. त्यासाठी काँग्रेसचा कायदा लागतो, नाहीतर कोर्टाचा निकाल. ११ डिसेंबरच्या ट्रम्प यांच्या आदेशाने न्याय खात्यात राज्यांच्या एआय कायद्यांना आव्हान देणारं पथक उभं करायला सांगितलं आणि ब्रॉडबँडच्या केंद्रीय निधीचा काही भाग रोखण्याची धमकीही दिली. त्यात काँग्रेससाठी एकसारख्या राष्ट्रीय कायद्याची शिफारस तयार करायला सांगितलं आहे, आणि त्या शिफारशीतून मुलांच्या सुरक्षेचे कायदे वगळायचे आहेत. म्हणजे मुलांच्या कायद्यांना हात लावणं राजकीयदृष्ट्या महाग पडेल, हे व्हाइट हाउसनेही ओळखलंय. मात्र ही सूट त्या शिफारशीपुरती लिहिलेली आहे, खटले भरणाऱ्या पथकाला ती स्पष्टपणे घातलेली नाही.

'एआय सेफ्टी'चा कायदा झाला अशी बातमी वाचली. तो मुलांसाठीच ना?

बहुतेक वेळा नाही, आणि इथे बातम्यांत भरपूर गोंधळ असतो. कॅलिफोर्नियाचा एसबी ५३ घ्या (एसबी म्हणजे राज्याच्या सिनेटमधलं विधेयक, एबी म्हणजे असेंब्लीतलं). राज्याचे सिनेटर स्कॉट वीनर यांचं हे विधेयक, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २९ सप्टेंबर २०२५ला त्यावर सही केली. (त्याआधीचं कडक विधेयक, एसबी १०४७, त्यांनी बरोबर वर्षभरापूर्वी नाकारलं होतं.) तो फक्त अतिप्रचंड एआय मॉडेल बनवणाऱ्यांना लागू आहे आणि त्यातली मुख्य बंधनं वर्षाला ५० कोटी डॉलरपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या कंपन्यांवर आहेत. त्यांनी आपली सुरक्षेची चौकट जाहीर करायची, गंभीर घटना १५ दिवसांत राज्याच्या आपत्कालीन सेवा कार्यालयाला कळवायची. जिवाला तातडीचा धोका असेल तर २४ तासांत. धोका म्हणजे कसला? ५०हून अधिक माणसं दगावतील वा गंभीर जखमी होतील किंवा १०० कोटी डॉलरहून जास्त नुकसान होईल असा. जैविक शस्त्रं, सायबर हल्ले, ताब्याबाहेर गेलेलं मॉडेल. न्यूयॉर्कचा 'रेझ' कायदा याच जातीचा, तिथे घटना कळवायची मुदत ७२ तासांची.

एका मुलाला चॅटबॉटने रोज थोडं थोडं घरच्यांपासून तोडलं, तर या कायद्यांच्या लेखी काहीच घडलेलं नसतं. त्यासाठीचे कायदे वेगळे.

मग मुलांसाठीचा मुख्य कायदा कोणता?

सध्या सगळ्यांची नजर कॅलिफोर्नियाच्या एसबी २४३वर आहे. सिनेटर स्टीव्ह पाडिया यांचं विधेयक, १३ ऑक्टोबर २०२५ला सही, १ जानेवारी २०२६पासून लागू. तो 'सोबती' चॅटबॉटसाठी आहे. म्हणजे माणसासारखं बोलणारे, आधीचं बोलणं धरून पुढे नातं टिकवणारे, एकटेपणात सोबत करू शकणारे.

त्यातली काही बंधनं सर्वांसाठी आहेत. समोर माणूसच आहे असा एखाद्या सुज्ञ व्यक्तीचा समज होण्याजोगा असेल, तर 'मी एआय आहे' हे ठळकपणे सांगायचं. आत्महत्येचे विचार, स्वतःला इजा करणं यांबद्दल बोलणं निघालं तर काय करायचं याची कार्यपद्धती हवी. अशा वेळी वापरणाऱ्याला मदतवाहिनीकडे वळवायचं आणि ती कार्यपद्धती वेबसाइटवर जाहीर करायची. ती नसेल तर सोबती चॅटबॉट चालवायचाच नाही.

वापरणारा अल्पवयीन आहे हे कंपनीला ठाऊक असेल तर आणखी तीन गोष्टी. हा एआय आहे असं त्याला सांगायचंच. बोलणं लांबलं तर किमान दर ३ तासांनी 'थोडी विश्रांती घे, मी माणूस नाही' अशी आठवण करून द्यायची. आणि लैंगिक चित्रं तयार होणार नाहीत, मुलाला तसल्या कृतीला उद्युक्त केलं जाणार नाही, यासाठी वाजवी उपाय करायचे.

१ जुलै २०२७पासून कंपन्यांनी राज्याच्या आत्महत्या प्रतिबंधक कार्यालयाला दरवर्षी अहवाल द्यायचा आहे. किती वेळा मदतवाहिनीचा नंबर दाखवावा लागला, तो आकडा त्यात असेल. या कलमाची फारशी चर्चा झाली नाही, पण मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. आजवर हे आकडे फक्त कंपन्यांच्या कपाटात होते.

दर ३ तासांनी सूचना आल्याने काय फरक पडतो?

फारसा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. रात्री साडेनऊला एखादी मुलगी आपल्या लाडक्या पात्राशी बोलायला बसली असं समजा. पहिली सूचना यायला साडेबारा वाजतील. तोवर तिने शाळेतलं भांडण, आईवरचा राग, सगळं त्या पात्राला सांगून झालेलं असेल. मग पडद्यावर एक चौकट येते: मी एआय आहे, थोडा ब्रेक घे. ती बोटाने चौकट बाजूला सारते आणि टाइप करते, 'मला माहितीये, पुढे बोल.' ते मशीन आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. अडचण अज्ञानाची नाहीच, सवयीची आहे. शिवाय हे ३ तास सलग बोलण्याचे धरलेत. दिवसातून दहा वेळा वीस-वीस मिनिटं डोकावणारं मूल या जाळ्यात सापडेलच असं नाही.

कंपनीला मुलाचं वय कळतं कसं?

सगळी मेख इथेच आहे. आज बहुतेक ठिकाणी मूल जी जन्मतारीख टाकेल तीच खरी. १२ वर्षांच्या मुलाला १९९५ साल निवडायला कितीसा वेळ लागतो! आणि कायद्याची अट 'कंपनीला ठाऊक असेल तर' अशी असली की न विचारणं हेच कंपनीच्या सोयीचं होऊन बसतं.

म्हणून एसबी २४३च्याच दिवशी सही झालेला एबी १०४३ हा दुसरा कायदा सोबत वाचायला हवा. असेंब्ली सदस्य बफी विक्स यांनी मांडलेला हा कायदा १ जानेवारी २०२७पासून लागू होईल. त्याचं चित्र असं. पालक नवा फोन सुरू करून मुलाचं खातं उघडतात, तेव्हाच ऑपरेटिंग सिस्टिम वय किंवा जन्मतारीख विचारते. ओळखपत्र मागत नाही, चेहरा स्कॅन करत नाही. मग मूल एखादं ॲप घेतं तेव्हा त्या ॲपला जन्मतारीख न कळता फक्त गट कळतो: १३ वर्षांखाली, १३ ते १५, १६-१७ किंवा १८च्या वर. आणि एकदा हा संकेत मिळाला की ॲपवाल्याला वयोगट ठाऊक आहे असंच कायदा धरतो. 'आम्हाला कुठे माहीत होतं' ही पळवाट तिथे बुजते. चुकार कंपन्यांना निष्काळजीपणासाठी दर मुलामागे २,५०० डॉलरपर्यंत, जाणूनबुजून केलं तर ७,५०० डॉलरपर्यंत दंड आहे.

हा कायदा बातम्यांत एसबी २४३च्या मागे झाकला गेला. माझ्या मते दोघांत वजनदार तोच. अर्थात, सगळं फोन सुरू करताना पालक काय भरतात यावर अवलंबून आहे. स्वतःच्याच खात्यावरून मुलाच्या हाती जुना फोन दिलात, तर संकेत '१८च्या वर' असाच जाणार.

टेक्सस आणि युटामध्येही ॲप स्टोअरवर वय तपासतात म्हणे?

कल्पना तीच, पद्धत जास्त कडक. वय नुसतं विचारायचं नाही, पडताळायचं आणि अल्पवयीन मुलाच्या प्रत्येक डाउनलोडला पालकांची संमती घ्यायची. युटाने मार्च २०२५ मध्ये असा कायदा आधी केला. टेक्ससचा १ जानेवारी २०२६ला लागू होणार होता, पण डिसेंबर २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर त्याला तात्पुरती स्थगिती दिली.

माझी मुलगी चॅटबॉट फक्त गृहपाठाला वापरते. तिला हे नियम लागू होतात का?

तिचा वापर कसला आहे, यापेक्षा तो चॅटबॉट काय काय करू शकतो ते कायदा पाहतो. ग्राहकसेवेचे बॉट, फक्त खेळाबद्दलच बोलणारी व्हिडिओ गेममधली पात्रं आणि नातं न जोडणारी घरातली व्हॉइस असिस्टंट उपकरणं एसबी २४३मधून वगळली आहेत. सर्वसाधारण चॅटबॉट मात्र गणितही सोडवतो आणि 'आज खूप वाईट वाटतंय' म्हटलं की तासभर धीरही देतो. तो व्याख्येत बसतो असं म्हणायला भरपूर जागा आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात ओपनएआयवर दाखल झालेल्या खटल्यात कुटुंबाचं म्हणणं हेच आहे, की १६ वर्षांच्या मुलाने चॅटजीपीटी शाळेच्या कामापासूनच वापरायला सुरुवात केली होती. त्या खटल्यानंतर साधारण महिनाभराने कंपनीने पालकांसाठी नियंत्रणं आणली.

मुलांना सोबती चॅटबॉट द्यायचेच नाहीत, असा सरळ कायदा का करत नाहीत?

प्रयत्न झाला. असेंब्ली सदस्य रिबेका बाउर-काहान यांचं एबी १०६४ हे विधेयक कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालं होतं. स्वतःला इजा करणं, हिंसा, लैंगिक बोलणं यांना हा चॅटबॉट उत्तेजन देऊ शकेल असं आधीच दिसत असेल, तर तो मुलांच्या हाती द्यायचा नाही, असं ते सांगत होतं. न्यूसम यांनी १३ ऑक्टोबरला, म्हणजे एसबी २४३वर सही केली त्याच दिवशी, ते नाकारलं. त्यांचं कारण असं की भाषा इतकी व्यापक आहे की मुलांना ही साधनं वापरायलाच बंदी व्हायची.

त्यात तथ्य नाही असं नाही. मॉडेल कधीच चुकीचं बोलणार नाही याची हमी आज कुठलीच कंपनी देऊ शकत नाही. पण ही हमी देता येत नसेल तर धोका मुलांनी का पत्करायचा, हा उलटा प्रश्नही तितकाच रास्त आहे आणि नकाराच्या पत्राने त्याला उत्तर दिलेलं नाही. गंमत म्हणजे बाजाराने पुढच्याच महिन्यात एक पाऊल टाकलं. कॅरेक्टर डॉट एआय या सोबती चॅटबॉटच्या कंपनीने १८ वर्षांखालच्यांसाठी पात्रांशी मोकळ्या गप्पा २५ नोव्हेंबर २०२५पर्यंत बंद केल्या. 'अशक्य' मानलं जाणारं काम कोर्टाच्या धास्तीने शक्य झालं.

इतर राज्यांत काय आहे?

न्यूयॉर्कचा सोबती चॅटबॉट कायदा ५ नोव्हेंबर २०२५पासून लागू आहे. त्यातही ३ तासांची आठवण आणि आत्महत्येबाबतची कार्यपद्धती आहे. पण त्याला वयाची अट नाही, हे बंधन सगळ्याच वापरणाऱ्यांसाठी आहे. वय ठाऊक होतं की नव्हतं हा वादच तिथे उरत नाही, आणि मला ही मांडणी जास्त शहाणपणाची वाटते. मोडलं तर दिवसाला १५,००० डॉलरपर्यंत दंड.

इलिनॉयने ऑगस्ट २०२५ मध्ये एआयकडून मानसोपचार देण्यावरच बंदी घातली, दंड १०,००० डॉलरपर्यंत. परवानाधारक थेरपिस्ट कार्यालयीन कामासाठी एआय वापरू शकतो, उपचारासाठी नाही. नेवाडाचंही धोरण साधारण तेच. युटा बंदी घालत नाही. मानसिक आरोग्याच्या चॅटबॉटने आपण माणूस नाही हे सांगावं आणि वापरणाऱ्याची आरोग्यविषयक माहिती विकू नये, एवढं ते मागतं.

टेक्ससचा जानेवारी २०२६पासून लागू झालेला एआय कायदा ऐकायला कडक आहे: माणसाला स्वतःला इजा करायला चिथावण्याच्या हेतूने एआय बनवू नये. आता कुठली कंपनी हा हेतू लिहून ठेवणार आहे? शिवाय चूक सुधारायला ६० दिवस मिळतात आणि खटला फक्त ॲटर्नी जनरल (राज्याचे मुख्य सरकारी वकील) भरू शकतात.

शाळेतल्या मुलींचे एआयने बनवलेले नग्न फोटो फिरवले जातात, त्याचं काय?

या बाबतीत कायदा बराच पुढे गेलाय. मे २०२५ मध्ये आलेला 'टेक इट डाउन' हा केंद्रीय कायदा आहे. संमतीशिवाय टाकलेले असे फोटो, मग ते खरे असोत की एआयने बनवलेले, प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार आल्यापासून ४८ तासांत फोटो काढायचं बंधन प्लॅटफॉर्मवर आहे. ही सोय उभी करायला त्यांना मे २०२६पर्यंतची मुदत दिली होती.

राज्यांनी या साखळीत आणखी वर हात घातला. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी ॲटर्नीने ऑगस्ट २०२४ मध्ये 'कपडे उतरवणाऱ्या' १६ वेबसाइटवर खटला भरला. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत या साइटना २० कोटी भेटी झाल्या होत्या. कॅलिफोर्नियाच्या २०२५च्या एबी ६२१ने अशा साइटना जाणूनबुजून सेवा पुरवणाऱ्यांनाही जबाबदार धरलं.

संपूर्ण कृत्रिम, कुठल्याच खऱ्या मुलाचं नसलेलं लैंगिक चित्र हा वेगळा गुंता आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अशा आभासी चित्रांवरची सरसकट बंदी घटनाबाह्य ठरवली होती. म्हणून राज्यांना नवे कायदे लिहिताना 'अश्लील' या जुन्या कसोटीचा आधार घ्यावा लागतो. तेव्हा अशी चित्रं खऱ्या फोटोंपासून बहुधा वेगळी ओळखता यायची, आता तसं राहिलेलं नाही. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राकडे एआयशी संबंधित तक्रारी २०२३ मध्ये ४,७०० होत्या, २०२४ मध्ये ६७,००० झाल्या.

हे कायदे कोर्टात टिकतील का?

भांडण पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं आहे. मुलांना हिंसक व्हिडिओ गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला, कारण गेम हीसुद्धा अभिव्यक्ती. उलट जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने अश्लील साइटवर वय पडताळायला लावणारा टेक्ससचा कायदा ६-३ने उचलून धरला. चॅटबॉट या दोहोंच्या मधे कुठेतरी लटकलाय.

फ्लोरिडातल्या १४ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर आईने कॅरेक्टर डॉट एआयवर खटला भरला, तेव्हा कंपनीनेही बचाव हाच केला होता: आमच्या बॉटचं बोलणं म्हणजे अभिव्यक्ती. मे २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी या टप्प्यावर ते मानायला नकार दिला आणि सदोष उत्पादन म्हणून दावा पुढे जाऊ दिला. जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोड केली, त्यामुळे प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. राज्यांच्या दृष्टीने मात्र वाट दिसली: बॉटने काय बोलावं हे न सांगता तो कसा बनवावा यावर नियम करा.

नुकसान झालं तर मला स्वतःला दावा लावता येतो का?

एसबी २४३खाली येतो. प्रत्यक्ष नुकसान किंवा दर उल्लंघनामागे १,००० डॉलर, यांपैकी जास्त असेल ते, शिवाय वकिलाची फी. न्यूयॉर्क आणि टेक्ससच्या वरच्या कायद्यांत अंमलबजावणी ॲटर्नी जनरलकडे आहे, तिथे तुम्ही तक्रार करायची आणि वाट पाहायची. ॲटर्नी जनरल हातावर हात ठेवून बसलेत असंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये ४४ जणांनी मिळून एआय कंपन्यांना इशारा दिला, आणि जानेवारी २०२६ मध्ये केंटकीच्या ॲटर्नी जनरलनी कॅरेक्टर डॉट एआयवर खटलाच भरला. सदोष उत्पादनाचा नेहमीचा दावा कोणत्याही राज्यात नव्या कायद्याशिवायही लावता येतो. आतापर्यंतचे गाजलेले खटले त्याच मार्गाने गेलेत.

मुलाच्या फोनवर काही भयंकर सापडलं. आधी काय करू?

मूल जीव द्यायचं बोलत असेल तर कायदा बाजूला ठेवा आणि ९८८ या अमेरिकेतल्या आत्महत्या प्रतिबंधक मदतवाहिनीला फोन किंवा मेसेज करा. चोवीस तास चालू असतो, पालकही करू शकतात.

मग, रागाच्या भरात ॲप उडवू नका. खातं काढून टाकलं की संभाषणही गेलं, आणि उद्या तक्रार करायची तर हाती तेच लागेल. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, सेटिंगमधून संभाषण डाउनलोड करायची सोय असेल तर ती वापरा. खात्यात वय काय नोंदवलं होतं त्याचाही स्क्रीनशॉट घ्या. कंपनीला ठाऊक होतं की नव्हतं, हा वाद तिथूनच सुरू होणार आहे. त्यानंतर राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा.

मुलाचं नग्न किंवा लैंगिक चित्र असेल तर मात्र वेगळं वागायचं. त्याच्या प्रती काढू नका, पुरावा म्हणूनही शाळेला किंवा इतर पालकांना पुढे पाठवू नका. असं चित्र पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या, वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय केंद्राच्या सायबरटिपलाइनवर कळवा. त्यांची 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवाही आहे (वरच्या कायद्याशी नाव जुळतं, पण गोष्ट वेगळी). चित्र फोनमधून बाहेर न पाठवता ती त्याचा डिजिटल ठसा तयार करते आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून ते शोधून काढून टाकतात.